ठेंगणं स्टूल

काळबांडे सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेले आणि पहिल्याच मिनिटाला बोलणी खाल्ली. सौंसरला येऊन मला आठच दिवस झाले होते, नवी चप्पल पायाला चावत होती, कुठेतरी टेकावं एवढंच मनात होतं. बैठकीत दोन खुर्च्या. एकीवर सर, दुसरीवर वर्तमानपत्रांची थप्पी. दाराजवळ एक सागवानी स्टूल होतं, इतकं ठेंगणं की बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागावेत. मी त्यावर बसायला वाकले तोच सर केवढ्यांदा ओरडले.

"त्याच्यावर नाही जी! ते माझं आहे."

"अहो, पण तुम्ही तर खुर्चीवर बसला आहात."

"असू द्या. त्याच्यावर दुसऱ्यानं बसायचं नसते."

मग त्यांनी वर्तमानपत्रं उचलून पलंगावर टाकली, मला खुर्ची दिली आणि चहा केला. कप घरात एकच होता. तो मला दिला आणि स्वतः स्टीलच्या पेल्यातून प्यायले. पेला तापला होता, तो धोतराच्या सोग्यात धरून फुंकत फुंकत पीत होते. मी मनात म्हटलं, म्हातारा सटकलेला दिसतो. हे मत मी बराच काळ बदललं नाही, आता लिहिताना त्याची लाज वाटते.

एक्याऐंशी सालची ही गोष्ट. माझं माहेर पांढुर्णा आणि नोकरी लागली सौंसरच्या शाळेत. भूगोल शिकवायचा, आणि नवीन माणूस सापडला म्हणून चार कपाटांची लायब्ररीही माझ्याच गळ्यात मारली. खोली मिळाली ती नेमकी काळबांडे सरांच्या घरासमोर. मधे एक नाली आणि एक कडुलिंब, बस्स. त्यामुळे माझी इच्छा असो की नसो, सरांचा दिवस मला पाठ झाला. दाढी करताना ते आरशाशी इंग्रजी बोलत. शाळेत निघताना कुलूप लावत, दहा पावलं जात, परत येऊन कुलूप ओढून बघत, पुन्हा जात, पुन्हा येत. असं तीनदा. छत्री बाराही महिने बगलेत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पोस्टमन त्यांच्या दाराशी थांबलेला मी क्वचितच पाहिला.

संध्याकाळी मात्र न चुकता स्टेशनवर. नागपूरहून छोटी गाडी यायची, धापा टाकत. माणसं उतरत, गाठोडी उतरत, आणि सर फाटकाशी उभे राहून एकेकाचं तोंड बघत. गाडी गेली की एकटेच परत. मी एकदा भोचकपणा केलाच.

"सर, रोज कोणाची वाट बघता?"

"कोणाचीच नाही जी. गाडीतून उतरलेल्या माणसाले घरचे लोक म्हणतात न, 'आला का बाप्पा, ये, ये'. ते ऐकाले बरं वाटते."

मी वांग्याचा भाव काढला.

सर इंग्रजी शिकवत. शिकवणं ठीकठाकच होतं, उगाच कशाला वाढवून सांगू. पण त्यांच्या वर्गात एक गोष्ट होती जी मी कुठल्याच मास्तराकडे पाहिली नाही. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात ते एक चौकोन आखायचे. शिक्षा झालेल्या पोराचं किंवा पोरीचं नाव त्यात, आणि नावापुढे सुटकेची तारीख. चौकोन कोणी पुसायचा नाही. ती तारीख आली की सर स्वतः नाव पुसत, त्या पोराचा हात धरून त्याला त्याच्या जागेवर नेत आणि म्हणत, "या, बसा." दहा-बारा वर्षांच्या पोट्ट्याला 'या, बसा'! बाकीच्या मास्तरांना याचं हसू येई.

"शिक्षा देनाऱ्यानं सुटकेची तारीख सांगितलीच पाहिजे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "नाहीतर माणूस जन्मभर आतच राहते."

वंदना नावाची एक मुलगी होती, सातवीतली. तिनं माझ्या लायब्ररीतल्या ॲटलासमधून दक्षिण अमेरिका फाडून नेली. अख्खा खंड! मी भयंकर तापले. सरांनी तिला तीन दिवस दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि चौथ्या दिवशी "या वंदनाताई, बसा" म्हणून परत जागेवर नेलं. मागून कोणीतरी "फाडकी" म्हणून चिडवलं. सरांनी खडू खाली ठेवला. "तिचं संपलं. आता जो बोलन त्याचं सुरू होते," म्हणाले.

पण माझं कुठे संपलं होतं? मी पुढचा आठवडाभर त्या पोरीला पुस्तक दिलं नाही, आणि येता-जाता टोमणे मारले ते वेगळेच. एके दुपारी सर लायब्ररीत आले. छत्री टेबलावर आडवी ठेवली.

"बाई, तिची तारीख उलटून गेली."

"सर, नकाशा माझा फाटला आहे, तुमचा नाही!"

"खरं आहे. पन मग तुमची तारीख कोणती ते सांगा न. दहा दिवस? महिना? तिले सांगून टाका. ती बसन तेवढे दिवस."

रागानं मी रजिस्टर उघडलं. सर उठले आणि मधल्या एका कपाटातून तो जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला, ज्याला सर सोडले तर फक्त कसरीनं हात लावला असेल. एक पान त्यात खूण घातलेलंच होतं.

"हे वाचा. कटी स्टूल."

ती खूण म्हणजे त्यांच्या लग्नपत्रिकेचा तुकडा होता, पिवळा पडलेला. शब्दापुढे दोनच ओळी होत्या. बाकीचं सरांनी सांगितलं. 'कटी' हा स्कॉच लोकांच्या बोलीतला शब्द. म्हणजे आखूड, ठेंगणं. आखूड नळीच्या चिलमीलाही ते लोक कटीच म्हणत. त्यांच्या देवळात, पाद्री जिथे उभा राहून बोलतो त्याच्यासमोर, एक असं ठेंगणं स्टूल असे. गावात कोणी पाप केलं, म्हणजे बहुतेक करून लग्नाबाहेरचं काही, की मंडळी त्याला बोलावून घेत आणि रविवारी सगळ्या गावासमोर त्या स्टुलावर बसवत. पाद्री सगळ्यांदेखत त्याला बोल लावी. असं साधारण तीन रविवार. अपराध मोठा असला तर जास्त. आणि शेवटच्या रविवारी त्याला उभं करून सांगत, तुझं झालं, आता तू आमच्यात ये. मग तो बाकावर इतरांमध्ये जाऊन बसे. ती चाल बंद पडून दीड-दोनशे वर्षं झाली, शब्द तेवढा कोशात उरला.

"नागपूरच्या मिशन कॉलेजात आमचे एक म्हातारे प्रोफेसर होते, स्कॉच," सर म्हणाले. "ते सांगत, त्याईच्या पणजीच्या आईले बसवलं होतं. तीन रविवार."

"म्हणजे सर, ही तर जातपंचायतच झाली की! आणि बसवत असतील बायांनाच."

"हो जी. बायाईलेच जास्त. मोठे लोक पैसे भरून सुटत. वाईटच होतं ते, मी काही गोडवे गाऊन नाही राहिलो." त्यांनी कोश मिटला, लग्नपत्रिकेचा तुकडा आत तसाच ठेवून. "पन बाई, तीन रविवार होते. मोजून तीन. चौथ्या रविवारी त्या बाईले बाकावर जागा होती."

दुसऱ्या दिवशी मी वंदनाला पुस्तक दिलं. तोंड वाकडं करून दिलं, पण दिलं.

स्टुलाचा उलगडा अर्धा झाला होता. बाजारातल्या सुताराकडून सरांनी ते मुद्दाम बनवून घेतलं होतं, हे मला कळलं. कशासाठी, ते कळलं जामसांवलीला.

शाळेतल्या कोणाच्या तरी नवसाचं जेवण होतं तिथल्या हनुमानाच्या देवळाजवळ. आम्ही सगळा स्टाफ बसनं गेलो. झाडाखाली पंगत बसली, पानं मांडली, आणि सर कंबर बांधून वाढायला. भाजी, वरण, पुन्हा भाजी. मी म्हटलं, "सर, तुम्ही बसा न आता." ते नुसते मान हलवून पुढे गेले. सगळ्यांचं उरकल्यावर चुलीपाशी उभ्यानं दोन घास खाल्ले.

"ते नाही बसत पंगतीत," शेजारी बसलेल्या पराते बाई म्हणाल्या. त्या हिंदी शिकवत, शाळेत सर्वांत जुन्या. हात धुतल्यावर त्यांनी मला बाजूला नेऊन सगळं सांगितलं.

दहा वर्षांपूर्वी शाळेत सुखदेव नावाचा चपराशी होता. मोहगावचा. नऊ वर्षं कच्च्या नोकरीवर राबला होता आणि त्याच महिन्यात पक्का होणार होता. परीक्षेचं काम काळबांडे सरांकडे. ऐन वेळी इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पुडकं गायब! कपाटाची किल्ली फक्त दोघांकडे, सर आणि सुखदेव. सरांनी सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर सुखदेवला उभं केलं आणि म्हणाले, यानं पुडकं विकलं. सुखदेव रडला, पायावर हात ठेवून शपथा घेतल्या. त्याच दिवशी त्याला काढून टाकलं.

चार महिन्यांनी सरांच्या बायकोनं कुणाच्या लग्नाला जायचं म्हणून शालू काढायला ट्रंक उघडली. शालूच्या घडीखाली पुडकं, सील तसंच. कोणाच्या हाती लागू नये म्हणून सरांनी स्वतःच घरी आणून ठेवलं होतं. त्या आठवड्यात त्यांना सणकून मलेरिया झाला होता, तापात साफ विसरून गेले होते.

"मग?"

"मग काय. सर धावत आले हेडमास्तराकडे, तेव्हाच्या. त्यानं आपल्या गावचा माणूस सुखदेवच्या जागेवर लावून टाकला होता. तो म्हणते, जाऊ द्या न, मामला ठंडा झाला. आम्हाले सांगितलं, आम्ही म्हटलं जाऊ द्या सर, होते असं. मोहगावले जाऊन सुखदेवच्या पाया पडले. तोही म्हणाला, जाऊ द्या गुरुजी." पराते बाईंनी तोंड पुसलं. "सगळ्याईनं माफ केलं बाप्पा. पन हा माणूस ऐकतच नाही. चहाले गेलं का तोच विषय. 'मले शिक्षा काय ते सांगा.' आता आपण काय शिक्षा सांगायची? म्हणून लोकाईनं जानंच सोडलं."

म्हणजे असं झालं होतं तर. कोणी त्यांना वाळीत टाकलं नव्हतं, वाईट शब्द बोललं नव्हतं. नुसतं जाणं सोडलं होतं.

मी सरांना एकदाच विचारलं, सुखदेवनं माफ केलं म्हणतात, मग तुम्ही का स्वतःला खाता. ते छत्रीच्या मुठीवरची धूळ पुसू लागले.

"त्यानं पानी दिलं. 'जाऊ द्या' म्हणाला. 'बसा' नाही म्हणाला," ते म्हणाले. "आणि बाई, चोर म्हटलं ते सगळ्या शाळेसमोर. माफी मागितली त्याच्या अंगणात, कोणी नसताना. हे काही जमलं नाही."

खोटं कशाला बोलू, त्यानंतर मीसुद्धा टाळायला लागले. त्यांची चाहूल लागली की दार लोटून घ्यायची आणि आत भांडी वाजवायची, कामात आहे असं वाटावं म्हणून. सर दाराशी क्षणभर थांबत आणि जात. हे मी दोन वर्षं केलं. समोर राहून.

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरअखेर सर रिटायर होणार होते. शेवटच्या महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी मी खोलीतून बघते तर सर कुलूप लावताहेत, एका बगलेत छत्री आणि दुसऱ्या बगलेत ते स्टूल.

प्रार्थना झाली. मुलं जायला वळणार तेवढ्यात सरांनी ओट्याच्या खाली, सगळ्यांच्या समोर, स्टूल ठेवलं आणि आधी उभं राहून बोलले. "मुलांनो, याच जागी मी एका माणसाले चोर म्हटलं होतं. सुखदेव रामाजी, राहणार मोहगाव. त्यानं चोरी केली नव्हती. पुडकं माझ्या घरी होतं. चूक माझी आणि नोकरी त्याची गेली. म्हणून मी येथे तीन शनिवार बसनार आहे." आणि बसले. गुडघे हनुवटीशी, छत्री मांडीवर आडवी.

सुरुवातीला कोणाला कळेचना. मग मागच्या रांगेतली पोरं खुसखुसली. हेडमास्तर आता नवीन होते, स्वभावानं भले, समारंभांची फार हौस. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, वय झालं आता. कोणी म्हणालं, घरी एकटा राहून राहून डोकं फिरलं.

दुसऱ्या शनिवारी कोणी हसलं नाही. सर नुसते बसले. वंदना आता दहावीत होती, ती त्यांच्याकडे एकटक बघत होती. मला वाटतं सगळ्या शाळेत तिला एकटीलाच कळलं असेल काय चाललं आहे ते.

तिसऱ्या शनिवारच्या आधी सरांनी माझ्याकडून एक पोस्टकार्ड मागून घेतलं. सुखदेवला लिहिलं, या शनिवारी सकाळी शाळेत यावे, ही विनंती. बस्स, एवढंच. तो येईल, हात धरून उठवेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्या दिवशी स्टुलावर बसून ते सारखे फाटकाकडे बघत होते. स्टेशनवर बघत अगदी तसेच. फाटकातून एक गाय आली आणि उशीर झालेली दोन पोरं आली.

आणि मग जे झालं ते आठवलं की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. हेडमास्तरांनी विचार केला असेल, रिटायरमेंट जवळ आलीच आहे, मुलंही जमली आहेत, उरकून टाकू. त्यांनी खूण केली आणि चपराशी ताट घेऊन आला. हार, शाल, नारळ! "इतके निगर्वी, इतके थोर मनाचे गुरू आपल्याला लाभले," असं काहीबाही बोलत त्यांनी सरांच्या गळ्यात, स्टुलावर बसल्या बसल्या, झेंडूचा हार घातला. सर दोन्ही हातांनी तो अडवत होते. "नाही नाही, हे नाही जी, हे नको," म्हणत होते. लोकांना वाटलं विनय आहे. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. त्यात मीही वाजवल्या.

संध्याकाळी मी होऊन त्यांच्या घरी गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. हार स्टुलाच्या एका पायाला अडकवलेला होता. सरांनी मला खुर्ची दिली, पण चहा केला नाही.

"तीन झाले बाई. कोणी उठवलं नाही."

"असं काय म्हणता सर? केवढ्या टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी!"

"हो न," ते म्हणाले. "टाळ्याच वाजवल्या."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. घरमालक म्हणाला, खोली सोडली, वळकटी, छत्री आणि ते स्टूल घेऊन बसमध्ये बसले. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. संध्याकाळी छोटी गाडी शिटी द्यायची आणि मला समोरच्या बंद दाराकडे बघवायचं नाही. आपण कसली माणसं आहोत, असं मनात येई. मग मी स्वयंपाकाला लागायची.

डिसेंबरात मी पांढुर्ण्याला घरी गेले होते. संत्र्याचा सीझन जोरात होता. आई म्हणाली, स्टेशनमागच्या गोदामात डाग पडलेला माल टोपलीनं स्वस्त देतात, घेऊन ये. मी पिशवी घेऊन गेले. गोदामाच्या फाटकाशी, उन्हात, काळी छत्री उघडून कोणीतरी ठेंगण्या स्टुलावर बसलं होतं.

"सर?"

"या बाई," ते म्हणाले, जसे काही आम्ही कालच भेटलो होतो. पार वाळले होते. "सुखदेव सीझनले येथे असते. मोहगावले गेलो तेव्हा कळलं. मी बाजूलेच खोली घेतली आहे. तीन आठवडे झाले."

"त्यानं बोलावलं तुम्हाला?"

"नाही जी. तो रोज म्हणते, जा."

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा आत गेले. लांब छपराखाली संत्र्यांचे ढीग, दोन्ही बाजूंना पोत्यांवर बसलेली माणसं आणि बाया, फळ हातात घ्यायचं, फिरवून बघायचं, चांगलं पेटीकडे आणि डागी मागे. सुखदेव कोण ते विचारावं लागलं नाही. मधोमध बसलेल्या, पांढऱ्या मिशांच्या एका माणसाची नजर माझ्या आधीच फाटकाकडे गेली होती.

"तुम्हीच सुखदेवभाऊ न? त्या म्हाताऱ्या माणसाला असं उन्हात बसवून ठेवायला काही वाटत नाही?"

"मी कोठी बसवलं जी?" त्याचे हात थांबले नाहीत. "मी तर रोज म्हनतो, गुरुजी, जा. तुमी कोन?"

मी सांगितलं, सौंसरच्या शाळेतली.

"मंग तुमाले सांगतो बाई. मले नाई माफ करता येत. 'जाऊ द्या' म्हनलं ते त्याईनं घरी जावं म्हनून. पक्की नौकरी होती माही, एका महिन्यावर. मोहगावात पोट्टेसोट्टे मले पाहून 'पुडकं, पुडकं' करत. माही बायको दोन वर्ष विहिरीवर गेली नाई. त्याचं मी काय करू? सांगा न, काय करू?"

उन्हात बसलेल्या माणसाचीच कीव करत मी आत आले होते. इथे सावलीत बसलेल्या माणसाचं मी काही ऐकलंच नव्हतं कधी.

"मग शनिवारी शाळेत का आला नाहीत?" मी हळूच विचारलं. "पोस्टकार्ड आलं होतं न?"

"आलं होतं. मास्तर रिटायर होऊन रायले, जेवनाले बोलावत असन असं वाटलं. म्या काहून जावं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्याला माहीतच नव्हतं! मोहगाव सौंसरहून हाकेच्या अंतरावर, अख्ख्या शाळेनं ऐकलं होतं, आणि या माणसाला एकानंही जाऊन सांगितलं नव्हतं. मीही नाही. आणि सर ते स्वतःच्या तोंडानं थोडेच सांगणार होते! मी तिथेच पोत्याच्या कडेला बसले आणि सांगितलं. स्टूल काय आहे, कुठल्या मुलखातली चाल आहे, तीन रविवार कसे असत आणि शेवटच्या रविवारी काय होई, सगळं. पहिल्या शनिवारी सर काय बोलले ते शब्दन् शब्द सांगितलं.

त्याच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं.

"सगळ्याईसमोर?"

"सगळ्या शाळेसमोर. प्रार्थनेला. त्याच जागी."

"माह्य नाव घेतलं?"

"सुखदेव रामाजी, राहणार मोहगाव. त्यानं चोरी केली नव्हती. असंच म्हणाले."

"बापाचं नाव घेतलं," तो म्हणाला, माझ्याशी नाही. मग विचारलं, "हासले असन पोट्टे?"

"पहिल्या दिवशी हसले. पुढे नाही."

तो पुन्हा कामाला लागला. दहा, बारा, पंधरा फळं त्यानं निवडली. मला वाटलं, संपलं, आता काही नाही व्हायचं. मी उठून पिशवी झटकली. तेवढ्यात त्यानं शेजारच्या बाईला थोडं सरकायला सांगितलं, एक रिकामं पोतं झटकून आपल्या बाजूला अंथरलं आणि फाटकाकडे बघून जोरात हाक मारली, जवळजवळ रागानंच.

"ओ गुरुजी! उन्हात काहून बसून रायले? इकडं या. बसा येथी."

सर उठताना अडखळले. छत्री मिटायची राहिली, ती तशीच उघडी घेऊन छपराखाली आले आणि कोणीतरी हसत ती त्यांच्या हातातून घेतली. ते पोत्यावर बसले, सुखदेवच्या खांद्याला खांदा लावून. सुखदेवनं त्यांच्याकडे बघितलं नाही. संत्र्यांचा एक ढीग हातानं त्यांच्यापुढे ओढला फक्त. "डागी मांगं टाका. चांगले इकडं."

मी डागी माल घेतला, पैसे दिले आणि बाहेर आले. सर चष्मा कपाळावर चढवून एक संत्रं डोळ्यांजवळ धरून फिरवून फिरवून बघत होते. "हे कसं आहे?" त्यांनी विचारलं. सुखदेव म्हणाला, "चांगलं आहे न जी ते. ठेवा." मला सरांना नमस्कार करायचा होता, पण हाक मारावीशी वाटली नाही.

फाटकाशी चहावाला आला होता. पेट्या उचलणारा एक हमाल चहाचा ग्लास घेऊन इकडे तिकडे जागा बघत होता. समोर स्टूल रिकामं दिसलं, तो ऐसपैस त्यावर बसला आणि फुर्र करून घोट घेतला. मला वाटलं, आता सर ओरडणार. मी वळून पाहिलं. सरांनी मान वर करून त्याच्याकडे, स्टुलाकडे एकदा बघितलं आणि पुढचं संत्रं उचललं.

काळबांडे सरांना मी पाहिलं ते तेवढंच.